एकोणतीस रिकामे चौकोन

मी आयुष्यात एकच वर्तमानपत्र वाचवलं. तेही शंभरेक वर्षांपूर्वी बंद पडलेलं आणि चिनी भाषेतलं, ज्यातले एक ते दहा आकडे सोडले तर मला काही वाचता येत नव्हतं. हे मी फुशारकीनंच सांगतेय. फुशारकी मारण्याजोगे प्रसंग माझ्या वाट्याला फार आले नाहीत, त्यामुळे आलेला एक मी सोडणार नाही.

२००४ चा उन्हाळा होता. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो. नवरा मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसावर. त्या व्हिसाचा नियम असा की राहा, खा, गाडी चालवा, पण नोकरीचं नाव काढू नका. अकोल्याला मी सहा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. पानावर माझी सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. इथे माझ्या हातून सुटत होत्या त्या फक्त पोळ्या, त्याही वेड्यावाकड्या. कुणाकडे जेवायला गेलो आणि "तुम्ही काय करता?" असं मला कुणी विचारलं, की नवरा माझ्या आधी सांगून टाकायचा, "ती सध्या घरीच असते." त्या 'सध्या'ला तीन वर्षं झाली होती आणि तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहायच्या. चेहऱ्यानं चिनी, पण जन्म इथलाच, बोलणं इथलंच. हायस्कूलमध्ये अमेरिकेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात 'बाई'च म्हणायचे. ओळख झाली ती सांडग्यांवरून. मी डेकवर सांडगे वाळत घातले होते. बाई कुंपणाशी आल्या आणि त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "हे पक्ष्यांसाठी आहे का?" मी म्हटलं, "नाही, नवऱ्यासाठी." त्या इतक्या हसल्या की त्यांनी मला तिथल्या तिथे चहाला बोलावलं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच नव्हती. सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे होते, पिवळट, पातळ कागदाचे. बाईंनी एक पान माझ्यापुढे उलगडलं आणि मला एकदम अकोल्याच्या ऑफिसचा वास आला, म्हणजे तिथल्या जुन्या अंकांच्या खोलीचा. अक्षर एक कळत नव्हतं, पण पान कळत होतं. हा बातम्यांचा भाग, हे बाजारभाव, ही बोटीची जाहिरात, ही गोळ्यांची, हा चष्मेवाला. कोपऱ्यातला हा चौकटीतला मजकूर संपादकाचा. मी म्हटलं, "बाई, हे जिल्ह्याचं दैनिक आहे!" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, कारण ते खरंच जिल्ह्याचं दैनिक होतं.

त्या पत्राचा इतिहास लिहायचा, हे बाईंचं निवृत्तीनंतरचं काम होतं. चीनमधल्या शेवटच्या राजघराण्याची अखेरची वर्षं, नदीकाठचं एक बंदराचं गाव. बाईंचे आजोबा सरकारी परीक्षांची पहिली पायरी चढले आणि दुसरीवर तीनदा आपटले. मग त्यांनी परीक्षेचा नाद सोडला, वाट्याची शेती विकून एक जुनं छापायचं यंत्र आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, घेतले आणि दैनिक काढलं. आपल्याकडे खिळे जुळवणारा एका जागी उभा राहून काम करायचा. तिथे अक्षरंच हजारो, त्यामुळे जुळारी दिवसभर खिळ्यांचे खण मांडलेल्या लाकडी घोड्यांमधून चालत असायचा. एक पान जुळवेपर्यंत कोसभर तरी चालणं व्हायचं, असं बाईंचे वडील सांगत. कागद इतका पातळ की एकाच बाजूनं छापायचा. चहाच्या दुकानात एक जण मोठ्यांदा वाचायचा आणि वीस जण ऐकायचे. एक अंक तिथल्या अधिकाऱ्याकडेही जायचा, मामलेदारच म्हणा ना. भानगड तिथेच झाली. नदीच्या बांधाचे पैसे कुठे गेले, असं आजोबांनी छापलं.

बाईंचे वडील तेव्हा लहान होते, अंकांच्या घड्या घालायचे. पुढे अमेरिकेत आले ते हे तीन वर्षांचे तीन गठ्ठे घेऊन. ते मरेपर्यंत एकच वाक्य म्हणत, "एक दिवसही अंक चुकला नाही." पण आजोबांच्या धाकट्या भावाचा वंश निराळं सांगायचा. त्यांच्यातल्या एका चुलतभावानं, तो नेपरव्हिलला राहायचा, घराण्याचा इतिहास छापून सगळ्या नातेवाइकांना वाटला होता. त्यात त्यानं लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षी मामलेदारानं डोळे वटारताच संपादक घाबरला, महिनाभर अंक बंद ठेवला, माफीचं पत्र दिलं आणि मग पुन्हा दुकान उघडलं. बाईंनी त्या चार ओळी मला बोट ठेवून दाखवल्या. "माझे वडील खोटं बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "मला ते सिद्ध करायचंय." सप्टेंबरमध्ये गावच्या ग्रंथालयात त्यांचं भाषण ठरलं होतं आणि तो चुलतभाऊ ऐकायला येणार होता.

सिद्ध करणं वाटतं तितकं अवघड नव्हतं. प्रत्येक दिवसाचा अंक गठ्ठ्यात सापडला की झालं. पण गठ्ठे कितीदा तरी सुटले-बांधले गेले होते, पानं खालीवर झाली होती. आजोबा प्रत्येक अंकाच्या दोन प्रती ठेवायचे, एक कचेरीत आणि एक घरी, त्यामुळे त्यांतल्या शिल्लक राहिलेल्या कितीतरी जोड्याही त्यात मिसळल्या होत्या. बांधणीवाल्यानं वरची कडा कापताना वर्ष उडवलं होतं, महिना आणि तारीख तेवढी उरली होती. बाईंना स्वातंत्र्ययुद्धाची तारीख न् तारीख पाठ, पण आजोबांच्या भाषेत त्यांची मजल आकड्यांपर्यंतच. पैसे देऊन दहा-बारा अग्रलेखांचं भाषांतर करून घेतलं होतं, तेही सगळे पहिल्या वर्षातले. मी म्हटलं, आकडे मीही शिकते. दोन दिवसांत शिकले. मग घरी येऊन नवऱ्याला कामाला लावलं.

त्यानं दोन रविवारांत एक प्रोग्रॅम लिहून दिला. मी गठ्ठा, महिना, तारीख टाकायची. तो इंग्रजी तारीख काढून द्यायचा. चिनी नववर्षदिन इंग्रजी कोणत्या तारखेला आले ते बाईंनी ग्रंथालयातून शोधून आणलं होतं, प्रोग्रॅम तिथून पुढे दिवस मोजायचा. बाईंनी भिंतीवर मोठा तक्ता लावला, जानेवारी ते डिसेंबर, दिवसाला एक चौकोन. अंक मिळाला की त्या चौकोनात लाल टिकली लावायची. एखादी तारीख दुसऱ्यांदा टाकली की स्क्रीनवर यायचं, 'आधीच नोंदवलेली'. पहिल्यांदा तसं आलं तेव्हा मी नवऱ्याला फोन केला.

"डुप्लिकेट आहे यार," तो म्हणाला. "इग्नोर कर. बाजूला ठेव."

मी बाजूला ठेवलं. त्यानंतर जे जे पान तसं निघालं ते न बघता बुटांच्या खोक्यात टाकत गेले. न बघता, हे मी मुद्दाम लिहितेय. ज्या बाईनं सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला तिनं हे केलं.

पहिलं वर्ष भरलं. नववर्षाच्या चार सुट्ट्या सोडल्या तर एकही चौकोन मोकळा नाही. तिसरंही भरलं. दुसरं मात्र कितीही शोधलं तरी भरेना. वर्षअखेरीस, पुढच्या नववर्षाच्या सुट्ट्यांच्या आधी, एकोणतीस चौकोन सलग रिकामे राहिले. गठ्ठ्यात पान उरलं नव्हतं. एक महिना. चुलतभावानं लिहिला होता तेवढाच.

बाई बराच वेळ तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी टिकल्यांची डबी बंद केली आणि म्हणाल्या, "चहा करते." त्या चहात त्या साखर घालायला विसरल्या आणि मी तसाच प्यायले. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, नसतं आलं ते आकडे शिकायचं डोक्यात तर बरं झालं असतं. म्हातारीचा वडिलांवरचा विश्वास चांगला सत्तर वर्षं टिकला होता. मी आणि नवरा, आम्ही दोघा हुशारांनी तो सहा आठवड्यांत मोडून दाखवला होता. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर ग्रंथालयाच्या पत्त्याचं पाकीट दिसलं. भाषण रद्द करा, असं त्यात लिहिलं होतं. पाकीट चिकटवलं होतं, तिकीट लावायचं राहिलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा अकोल्याहून फोन आला.

"अगं, धोंड्याचा महिना लागलाय, लक्षात आहे ना? जावईबापूंचं वाण राहायला नको. अनारसे मिळतात का तिकडे?"

"एडिसनच्या देशी दुकानांत मिळतात," मी म्हटलं. माझं लक्ष नव्हतं.

"मग माझ्या नावानं मोजून तेहतीस दे. आणि मंगळागौर-बिळागौर आत्ता करायला जाऊ नकोस हं. यंदा दोन श्रावण आहेत. खरा श्रावण अजून यायचाय. हा मोजायचा नाही."

हा मोजायचा नाही.

मी ओट्याला टेकले. अकोल्याला नोकरीला लागले तेव्हा मला दिलेलं पहिलं काम काय होतं? पहिल्या पानावरची पंचांगाची ओळ. आणि पहिली चूक? एका अधिक महिन्यात मी 'अधिक' टाकायचं विसरले. सकाळपासून वाचकांचे फोन सुरू झाले, आणि संपादकांनी शिक्षा म्हणून दिवसभर तो प्रत्येक फोन मला घ्यायला लावला. चंद्राच्या महिन्यांनी चालणाऱ्या माणसांना दर दोन-तीन वर्षांनी एक महिना जादा धरावाच लागतो, नाहीतर सणवार ऋतू सोडून भटकायला लागतात. हे मला त्या दिवशी चाळीस वाचकांनी चाळीसदा समजावून सांगितलं होतं. मग चिनी लोकांचे महिनेही चंद्राचेच, ते काय करत असतील?

"आई, तू देवी आहेस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटलं फोनकार्डाची मिनिटं संपली.

मी ओल्या केसांनी, सपाता घालून शेजारी पळाले. बाईंनी दार उघडलं तेव्हा मला धड बोलता येईना. "तेरा," मी म्हणाले. "वर्षाला तेरा महिने! खोकं कुठाय?" बाईंना वाटलं माझं काही बिनसलं. मी खोकं टेबलावर पालथं केलं, नेमकं त्या पाकिटावर. पाचव्या महिन्याच्या तिसऱ्या तारखेचं एक पान खोक्यातून काढलं आणि त्याच तारखेचं गठ्ठ्यातलं शेजारी ठेवलं. पहिल्यात वरच्या कोपऱ्यात बोटीची जाहिरात होती, दुसऱ्यात चष्मेवाल्याची. बाजारभावाचे आकडे वेगळे, चौकटी वेगळ्या. तारीख तेवढी तीच.

"ही डुप्लिकेट नाही," मी म्हटलं. "हा दुसरा पाचवा महिना आहे. प्रोग्रॅमला तो माहीत नव्हता, म्हणून त्यानं पुढचे सगळे महिने अलीकडे ओढले आणि भोक वर्षअखेरीस पडलं."

बाई खाली बसल्या त्या थेट जमिनीवर. मीही बसले. आम्ही दुपारपर्यंत एकेक पान जोडीदाराशी ताडून पाहिलं. हुबेहूब जुळलं तर खरी दुसरी प्रत, एका बाजूला. नाही जुळलं तर दुसऱ्या बाजूला. बाईंनी ते ग्रंथालयाचं पाकीट उलटं केलं, त्यावर एक ते एकोणतीस आकडे लिहिले आणि पान सापडेल तसा एकेक आकडा खोडत गेल्या. न जुळणारी सगळीच्या सगळी पानं पाचव्या महिन्याची निघाली.

तेवढ्यात नवरा जेवायला घरी आला आणि मला शोधत तिकडे पोचला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण हे रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं यार."

"रिक्वायरमेंट!" मी म्हटलं. "तीन वर्षांनी एकदा सासूकडून तेहतीस अनारसे खातोस ते कशाबद्दल? चौतिसावा मागताना बरी आठवते रिक्वायरमेंट!"

बाईंना अनारसे म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. जावयाला जादा महिन्याबद्दल गोड मिळतं हे कळल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं शिक्षक गृहपाठ न केलेल्या हुशार पोराकडे बघतात. तो बिचारा जेवायचं सोडून प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसला. चहा संपायच्या आत झालासुद्धा.

अठ्ठावीस आकडे खोडले गेले. एक राहिला, सतरा. सतरा तारखेचं पान गठ्ठ्यात नव्हतं, खोक्यात नव्हतं, टेबलाखाली नव्हतं. अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना बंद नव्हता हे तर उघड होतं. पण बाईंच्या वडिलांचं वाक्य 'एक दिवसही नाही' असं होतं, आणि चुलतभाऊ त्या एका दिवसावर बोट ठेवल्याशिवाय राहिला नसता. बाई पाकिटाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि पियानोच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं.

"तिथे एक आहे," त्या म्हणाल्या.

तिथे एक फ्रेम होती. त्यात याच वर्तमानपत्राचं एक पान, वडिलांनी स्वतः लावलेलं. बाई लहानपणापासून ते बघत आल्या होत्या, चाळीस वर्षं त्यावरची धूळ पुसत आल्या होत्या. हेच पान का, असं वडिलांना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या रुंद पट्टीखाली पानाच्या कडा झाकल्या होत्या. नवऱ्यानं मागून खिळे मारलेली ती फ्रेम हळूहळू उघडली. हे पान बांधणीवाल्याकडे गेलंच नव्हतं. कडा शाबूत होती, दुसऱ्या वर्षाच्या आकड्यासकट. पाच, महिना, सतरा. आणि पाचाच्या डोक्यावर, बाकीच्या पानांवर वर्षाबरोबर कापलं गेलेलं, आम्हा दोघींना अनोळखी असलेलं एक अक्षर.

आम्ही ते पान घेऊन तसेच गाडीत बसलो आणि रूट वनवरच्या चिनी किराणा दुकानात गेलो. बाई तिथून वर्षानुवर्षं सोया सॉस घ्यायच्या. मालकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बोट त्या अक्षरावर ठेवलं.

"हा जादा महिना," ते सहज म्हणाले. "पाचवा संपला की पुन्हा पाचवा. माझी आजी असल्या महिन्यात जन्मली होती. तिचा खरा वाढदिवस फार क्वचित यायचा."

आपल्याकडे जादा महिना आधी येतो, त्यांच्याकडे मागून, एवढाच फरक. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मसाल्याच्या बाटल्या वाचत होता.

"आणि ही चौकट?" बाईंनी विचारलं.

मालक थांबत थांबत वाचू लागले. जुनी भाषा होती, दोन-तीन ठिकाणी अडले. संपादकानं वाचकांना कळवलं होतं की पत्र बंद करा असा मामलेदाराच्या कचेरीचा हुकूम काल आला, तो नीट वाचला आणि कपाटात ठेवला. बांधाचा हिशोब अजून आलेला नाही. अंक उद्याही निघेल.

बाई तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि रडल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अठरा तारखेचा अंक आमच्या खोक्यात होता. एकोणिसाचा होता. वीसचा होता. महिना संपेपर्यंत रोजचा होता. वडिलांनी भिंतीवर पुरावा टांगून ठेवला होता आणि आम्ही त्याच्याखाली बसून साखरेवाचून चहा प्यायलो होतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण त्या दिवशी आमच्याकडे तेरावा महिना आला तो सगळा दुष्काळ पुसून टाकायला.

भाषणाला ग्रंथालयाची खोली भरली. बाईंनी नवा तक्ता फळ्यावर लावला होता, सगळ्या टिकल्यांनिशी, फक्त एक चौकोन मुद्दाम मोकळा ठेवून. बोलता बोलता त्या माझ्याकडे वळल्या आणि लोकांना म्हणाल्या, "हा महिना मला शोधून दिला तो या वर्तमानपत्रवालीनं." वर्तमानपत्रवाली! मी उठले, पुढे गेले आणि शेवटची टिकली लावली. परत येऊन बसले तर शेजारचे गृहस्थ नवऱ्याला विचारत होते, तुमची पत्नी काय करते? मी कान टवकारले. "उपसंपादक आहे," नवरा म्हणाला. "सध्या रजेवर आहे." त्या 'सध्या'ला मी माफ केलं.

चुलतभाऊ शेवटच्या रांगेत होता. साठीचा, नीटनेटका माणूस, मांडीवर स्वतःचं पुस्तक घेऊन आलेला. लोक पांगल्यावर तो पुढे आला. त्यानं फ्रेममधलं पान पाहिलं. मग तक्त्यावरचे ते दिवस बोटानं एकेक करून मोजले, सगळे एकोणतीस. मग त्यानं आपलं पुस्तक टेबलावर उघडलं, ते पान काढलं, खिशातून पेन काढून त्या चार ओळींवर सरळ रेघ मारली आणि बाईंकडे बघून विचारलं, "इथे काय लिहू?"

बाई ताठ उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाई होत्या त्या. एकेक शब्द सुटा करून, त्याला लिहायला वेळ देत, त्यांनी वडिलांचं वाक्य सांगितलं.

"एक दिवसही अंक चुकला नाही."

त्यानं ते लिहिलं आणि खाली सही केली.